प्रदर्शनात उतरणाऱ्या पिल्लाला दात दाखवायला शिकवताना

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला जनावराचे दात पाहणे नवीन नाही. बैलबाजारात एका हाताने वेसण धरून दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढला, की गोऱ्हा आदत म्हणजे दुधाच्या दातांचा आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला म्हणजे आठही दात पुरे आलेला, हे जाणता शेतकरी क्षणात सांगतो, आणि त्या क्षणी बैलाला काय वाटते याची चौकशी कोणी करीत नाही. नेमकी हीच सवय हातात घेऊन आपण कुत्र्याच्या पिल्लाकडे वळतो आणि तिथेच पहिली चूक होते. बैलाला पटाशीचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, ते आठच, आणि ते वय ओळखण्यापुरते पाहिले की काम संपते. श्वानप्रदर्शनातला परीक्षक मात्र दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात ते पाहतो, काही जातींमध्ये दातांची संख्याही मोजतो, आणि हे सारे पिल्लाने चारही पायांवर शांत उभे राहून, अनोळखी माणसाचा हात तोंडाजवळ असताना, वेसणीशिवाय होऊ द्यायचे असते. ज्याला वेसण नाही त्याच्याकडून हे जोराने करून घेता येत नाही. पिल्लाने आपण होऊन तोंड हातात द्यावे एवढ्यासाठीच पुढची सगळी मेहनत आहे.

माझ्या पहिल्या कुत्रीच्या बाबतीत हे मला उशिरा कळले. ती कारवान जातीची होती. ही जात मुळातच परक्याचा स्पर्श फारसा मानत नाही. ती सात महिन्यांची होईपर्यंत मी तिच्या तोंडाला हातही लावला नव्हता आणि प्रदर्शन तीन आठवड्यांवर आल्यावर चुलतभावाला मागून तिची कंबर धरायला सांगून जबडा उघडायला बसलो होतो. चार दिवसांत ती मला पाहताच अंगणातल्या बैलबंडीखाली शिरू लागली. शेजारचे काका कुंपणापलीकडून हे पाहत होते. ते एकदा म्हणाले, "भाऊ, थे कुत्री हाये, बैल नाही. इतकी दाबून कायले धरता जी?" मी हसण्यावारी नेले. नागपूरच्या प्रदर्शनात परीक्षक वाकताच ती मागे सरली, दुसऱ्या प्रयत्नाला पट्ट्यातून निसटता निसटता राहिली, आणि तिचे दात न पाहताच तिला बाजूला उभे करण्यात आले. तिची चाल, तिची बांधणी, सहा महिन्यांचा खुराक, यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही. नंतरच्या पिल्लांना मी दोन महिन्यांपासून शिकवत आलो आहे आणि खाली लिहिले आहे ते त्यांच्याकडूनच शिकलेले आहे.

परीक्षकाला नेमके काय पाहायचे असते ते आधी समजून घेतले, तर काय शिकवायचे हे आपोआप ठरते. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. प्रत्येक जबड्यात समोर पटाशीचे सहा दात, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सुळा, त्यामागे प्रत्येक बाजूला चार उपदाढा आणि शेवटी दाढा, वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोन आणि खालच्या जबड्यात तीन. बहुतेक जातींमध्ये वरचे पटाशीचे दात खालच्या दातांवर अगदी चिकटून पुढून बसावेत अशी अपेक्षा असते आणि याला सिझर बाईट म्हणतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन या सर्वांना हाच नियम लागू होतो, तर बॉक्सरचा खालचा जबडा पुढे असणे हेच त्या जातीचे लक्षण मानले जाते. म्हणजे पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पाहणी तोंड मिटलेले असताना, केवळ ओठ उचलून होते. तोंड उघडून नव्हे. अनेक जण पिल्लाला 'आ' करायला शिकवतात आणि मग रिंगमध्ये, म्हणजे परीक्षणाच्या आखलेल्या जागेत, दात जुळवून दाखवायची वेळ आली की पिल्लू शिकवल्याप्रमाणे तोंड उघडून उभे राहते. जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि रॉटवायलर यांच्यासारख्या जातींत उपदाढा व दाढा मोजल्या जातात. त्यांना समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि अखेर उघड्या तोंडाने अशा चारही पाहण्या शिकवाव्या लागतात. बाकीच्यांना समोरची आणि दोन बाजूंची पुरते.

सुरुवात पिल्लू घरी आले त्याच आठवड्यात, म्हणजे साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात करावी. त्या वयात पिल्लाच्या तोंडात २८ दुधाचे दात असतात, हिरड्या अजून दुखत नसतात, आणि माणसाचा हात ही गोष्ट चांगली की वाईट याबद्दल त्याचे मत बनलेले नसते. वेळ सकाळी फिरून आल्यावरची किंवा दिवेलागणीची निवडावी, जेव्हा पिल्लाची भूक जागी असते पण दंगा संपलेला असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी सातनंतर हा अभ्यास करूच नये, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला तोंड मिटून उभे राहणे शरीरानेच जमत नाही आणि आपण मात्र ते हट्टी आहे असा समज करून घेतो.

खाऊ असा असावा की जो एरवी मिळत नाही. उकडलेली कोंबडीची कलेजी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा पनीर यांचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून डबीत ठेवावेत. भाकरीच्या तुकड्यावर काम भागत नाही, कारण ती त्याला दोन वेळा मिळतेच. डबी खिशात किंवा मागे ओट्यावर ठेवावी, हातात धरू नये. क्रम नेहमी असाच राहावा: आधी आपला हात पिल्लाच्या तोंडाशी जातो, मग एक ठरलेला छोटा शब्द येतो, मग हात निघतो आणि मग खाऊ येतो. खाऊ आधी दाखवून तोंडाला हात लावला, तर पिल्लू खाऊ दिसताच सावध होऊ लागते. उलट क्रमाने गेल्यास काही दिवसांत हात आला म्हणजे काही चांगले येणार हे त्याच्या मनात पक्के बसते. शब्द कोणताही चालेल. मी 'हं' म्हणतो, कारण तो ओठ न हलवता म्हणता येतो आणि रिंगमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही.

हातांबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहिली पाहिजे. आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळण्याची सवय घरोघरी आहे आणि तीच चुना-तंबाखू लागलेली बोटे पिल्लाच्या ओठात घातली, तर त्याची हिरडी चुरचुरते आणि निकोटिन तर कुत्र्याला विषच आहे. कपाशीवर फवारणी करून आल्यावर किंवा मिरची निवडून उठल्यावर तर या वाटेला जाऊच नये. साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठी काढून ठेवावी. पिल्लाला पहिल्याच वेळी झोंबले, तर ते हाताला नाव ठेवते आणि पुढचा महिना आपण ते नाव पुसत बसतो.

पहिला आठवडा केवळ हनुवटीचा असतो. तळहात उताणा करून पिल्लाच्या हनुवटीखाली आणावा, त्याने डोके जरा जरी टेकवले की 'हं' म्हणून खाऊ द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू स्वतःहून हनुवटी टेकवू लागते. तेव्हा 'टेक' हा शब्द जोडावा आणि टेकवण्याचा वेळ एक, दोन, तीन आकड्यांपर्यंत हळूहळू वाढवावा. पुढच्या सगळ्या इमारतीचा हाच पाया आहे, आणि याचे कारण असे की टेकवलेली हनुवटी पिल्लाला हवी तेव्हा उचलता येते. ज्या क्षणी ते उचलते त्या क्षणी आपला दुसरा हातही थांबतो, हे त्याला कळले की त्याला उचलण्याची गरजच कमी वाटू लागते. नवख्या माणसाला हे पटत नाही. सोडले तर ते शेफारेल, अशी भीती वाटते. प्रत्यक्षात घट्ट धरलेले पिल्लूच निसटायला शिकते.

हनुवटी पाच आकडे स्थिर राहू लागली की दुसऱ्या हाताची बोटे मुस्कटाच्या वरून, नाकपुड्या न झाकता, अलगद ठेवावीत आणि लगेच काढावीत. मग त्याच हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ अर्धा सेकंद उचलून सोडावा. मिशांचे केस ओढले जाणार नाहीत आणि ओठाची कड दात व बोट यांच्यामध्ये चिमटली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे, कारण न कळत झालेली ही चिमटी पिल्लाच्या मनात ओरडण्यापेक्षा जास्त काळ राहते. ओठ उचलताना 'दात' हा शब्द म्हणावा. एका बैठकीत पाच-सहा वेळा आणि दिवसातून दोन बैठका एवढे पुरे. बैठक दोन मिनिटांपलीकडे नेऊ नये, पिल्लू आनंदात असले तरीही.

समोरची पाहणी जमली की बाजूची घ्यावी. ओठाचा कोपरा कानाच्या दिशेने, वर नव्हे तर मागे, सरकवला की उपदाढा दिसतात. डावी आणि उजवी बाजू हे पिल्लाच्या दृष्टीने दोन वेगळे धडे असतात. उजव्या हाताचा माणूस नकळत एकाच बाजूचा सराव जास्त करतो आणि दुसऱ्या बाजूला पिल्लू बिचकते, म्हणून कमकुवत बाजूपासून सुरुवात करण्याची सवय लावावी. ज्यांना तोंड उघडून दाखवायचे आहे त्यांनी एक हात वरच्या जबड्यावरून, अंगठा आणि बोट सुळ्यांच्या मागे येईल असा ठेवावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने खालच्या पटाशीच्या दातांवर हलका दाब द्यावा. जबडा सैल पडला की 'हं', आणि लगेच मोकळे. जबडा सैल पडेपर्यंत थांबावे. दाब वाढवू नये.

पिल्लू कंटाळले की घाबरले हे ओळखता आले पाहिजे, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे. कंटाळलेले पिल्लू इकडेतिकडे पाहते, बसते, माती हुंगते. त्याला सोडून द्यावे आणि संध्याकाळी पुन्हा पाहावे. घाबरलेले पिल्लू नाक चाटते, अवेळी जांभई देते, मान वळवते पण डोळे आपल्यावरच ठेवते, कान मागे नेते, आणि सर्वांत फसवे म्हणजे एकदम गोठून उभे राहते. हे गोठणे आपल्याला शहाणपण वाटते आणि आपण खूश होऊन ओठ आणखी वर करतो. असे दिसले तर दोन पायऱ्या मागे यावे, म्हणजे ओठ उचलत असू तर पुन्हा हनुवटीवर. गुरगुरले तर थोबाडीत मारू नये. गुरगुरणे म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे आणि सूचना देणे बंद करायला शिकवलेले कुत्रे पुढे थेट चावते. प्रदर्शनात परीक्षकाला चावण्याचा प्रयत्न केलेल्या कुत्र्याला रिंगबाहेर काढतात आणि ते योग्यच आहे.

साधारण चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतात. आधी पटाशीचे, नंतर सुळे आणि उपदाढा असा हा क्रम सातव्या महिन्याच्या आसपास संपतो. नेमक्या याच काळात पुष्कळ लोकांची आधीची मेहनत वाया जाते. हिरड्या सुजलेल्या असतात, अंगणात पाण्याच्या भांड्याजवळ रक्ताचा एखादा ठिपका आणि तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडतो, आणि काल शांतपणे तोंड देणारे पिल्लू आज मान झटकते. या काळात ओठ उचलणे आठवड्यातून दोन-तीनदा आणि एका क्षणापुरतेच ठेवावे, तोंड उघडणे तर बंदच करावे, मात्र 'टेक' रोज घ्यावे. दोरीची ओढाताण थांबवावी, कारण तिने कोवळ्या जबड्याला धक्का बसतो. सुती फडका भिजवून, पिळून, फ्रीजमध्ये गार करून चघळायला दिला तर हिरडीला बरे वाटते. फडका चघळताना आपण जवळ असावे आणि चघळून झाला की तो काढून घ्यावा, नाहीतर त्याच्या चिंध्या पोटात जातात.

याच महिन्यांत एक गोष्ट आवर्जून पाहावी. नवा सुळा वर आला तरी जुना सुळा पडला नाही, तर दोन्ही शेजारी शेजारी उभे दिसतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींमध्ये हे बरेच आढळते. अशा दातांमुळे नवा सुळा वाकडा येतो आणि जबड्याची जुळणी बिघडते. घरी पक्कड घेऊन तो उपटण्याचा उद्योग करू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे आणि गरज पडली तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. मी पिल्लांच्या तोंडाला हात लावायला शिकवतो त्याचे खरे सांगायचे तर अर्धे कारण हेच आहे. चषक मिळो न मिळो, पण दात, घसा किंवा अडकलेले हाडूक डॉक्टरांना न बांधता पाहता आले, तर कुत्र्याचे पुढचे दहा-बारा वर्षांचे आयुष्य सोपे जाते.

आता परक्या हातांबद्दल. घरच्यांना दात दाखवणारे पिल्लू परीक्षकाला दाखवेलच असे नाही. परीक्षक वरून वाकतो, कदाचित त्याच्या डोळ्यांवर चष्मा असतो, डोक्यावर टोपी असते, हाताला सॅनिटायझरचा वास असतो आणि बोलणे अनोळखी भाषेत असते. खेड्यात या सरावाला माणसे शोधावी लागत नाहीत. दूध घालायला आलेला पोऱ्या, धोतर-टोपीतले आजोबा, बांगड्या वाजवणाऱ्या काकू, शाळेचे चष्मेवाले गुरुजी, हेल्मेट घालून येणारा बँकेचा माणूस, यांतले दहा-बारा जण राजी झाले तरी पुष्कळ. मात्र त्यांना आधीच सांगून ठेवावे लागते, कारण गावात कुत्र्याचे दात दाखवतो म्हटले की प्रत्येकाला त्यात बोटे घालून पाहायचे असते. पहिल्या दिवशी पाहुण्याने फक्त जवळ उभे राहावे, दात आपण दाखवावेत आणि खाऊ पाहुण्याने द्यावा. दुसऱ्या भेटीत त्याने हनुवटीखाली हात धरावा. तिसऱ्या भेटीत त्याने ओठ उचलावा, एक सेकंद, आणि बाजूला व्हावे. लहान मुलांना या कामात घेऊ नये.

परक्या माणसाची बोटे पिल्लाच्या तोंडाशी येणार असतील, तर लसीकरण हा कागदोपत्री विषय राहत नाही. रेबीज लाळेतून पसरतो. त्याची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात आणि पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा द्याव्या लागतात. तसेच पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू गावभर फिरवू नये. पाहुण्यांना अंगणात बोलवावे, आणि दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडाला हात लावून आलेल्या माणसाला आधी हात धुवायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नये.

लहान जातींची पाहणी टेबलावर होते. घरी त्यासाठी बाज वापरू नये. तिची नवार हलते, पिल्लाचे पाय घसरतात आणि त्या भीतीचा दोष दातांच्या पाहणीला लागतो. पक्क्या लाकडी टेबलावर रबरी पट्टी किंवा घट्ट बसवलेले तरट टाकावे आणि पहिले दोन दिवस टेबलावर केवळ उभे राहण्याचाच खाऊ द्यावा. मोठ्या जातींना जमिनीवर स्टॅकमध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या उभ्या पवित्र्यात, दात दाखवायला शिकवावे. बसून दात दाखवायची सवय लागलेले कुत्रे रिंगमध्ये 'दात' ऐकताच बसते, हे मी एकदा स्वतः भोगले आहे.

केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न प्रदर्शने आपल्या भागात बहुतेक थंडीच्या दिवसांत होतात आणि खेड्यातून तिथे पोहोचायचे म्हणजे पहाटे निघून गाडीत दोन-तीन तास काढावे लागतात. प्रवासात मळमळलेले पिल्लू सारखे ओठ चाटते, लाळ गाळते आणि कलेजीलाही तोंड लावत नाही. अशा पिल्लाकडून दात दाखवण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आदल्या रात्री हलके जेवण द्यावे, सकाळी रिकाम्या पोटी न्यावे, आणि पिल्लाचे पोट बसायला वेळ मिळेल अशा बेताने पोहोचावे. मैदानावर सावली शोधावी, मान आणि पोट ओल्या फडक्याने पुसावे, जेणेकरून आपला क्रमांक येईपर्यंत धाप बसलेली असेल.

रिंगमध्ये शिरण्यापूर्वी काही मिनिटे खाऊ बंद करावा आणि ओठांच्या आतल्या घड्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्याव्यात. दातांत अडकलेला कलेजीचा चोथा कोणत्याही परीक्षकाला आवडत नाही. काही परीक्षक स्वतः ओठ उचलतात, तर काही जण, विशेषतः कोरोनाच्या साथीनंतर, मालकालाच दाखवायला सांगतात. दोन्हींची तयारी असावी. आपण दाखवत असू तर पिल्लाचे तोंड आकाशाकडे न नेता परीक्षकाच्या नजरेच्या रेषेत, जवळपास सरळ ठेवावे, आणि आपले डोके मध्ये येऊन उजेड अडणार नाही असे उभे राहावे. परीक्षक स्वतः ओठ उचलत असेल तर पट्टा ताणू नये. पट्ट्याचा ताण गळ्यातून थेट पिल्लाच्या मनात जातो, आणि आपली भीती त्याला याच वाटेने कळते. पाहणी झाली की 'हं' म्हणावे. खाऊ नंतर, रिंगबाहेर आल्यावर दिला तरी चालते.

पिल्लू मागे सरले तर ओढू नये. परीक्षकाला नम्रपणे एक क्षण मागावा, पिल्लाला एक छोटी फेरी मारून पुन्हा उभे करावे, 'टेक' घ्यावे आणि मग 'दात' म्हणावे. बहुतेक परीक्षक तेवढा वेळ देतात. तरीही जमले नाही, तर तो वर्ग, म्हणजे स्पर्धेचा तो गट, सोडून द्यावा आणि घरी येऊन त्याच संध्याकाळी अंगणात एकदा, फक्त हनुवटीचा सोपा धडा घ्यावा, म्हणजे दिवसाचा शेवटचा अनुभव परक्या हाताचा न राहता आपल्या हाताचा राहील.

माझ्याकडे सध्या नऊ महिन्यांचा एक नर आहे, त्याच कारवान कुळातला. शेजारचे काका आता थकले आहेत, पण सकाळी काठी टेकत येतात, बाजेवर बसतात आणि तळहात पुढे करतात. तो जाऊन त्यांच्या हातावर हनुवटी ठेवतो. काका त्याचा ओठ उचलून पाहतात आणि दर वेळी तेच विचारतात, "जुळला का हा?"